आई सापडत नाही

रेल्वेत मी चौतीस वर्षं कीमन होतो. ज्याले माहीत नसेल त्याच्यासाठी सांगतो — खांद्यावर हातोडा, बगलेत लाल झेंडी, आणि आपल्या वाट्याचा रूळ रोज पायी चालून पाहायचा. रुळाले धरून ठेवणारी चावी ढिली झाली असेल तर ठोकून बसवायची. या कामात रुळावर कटलेली माणसं मी चादरीत वेचली आहेत. तीन तर एकाच वळणावर. त्याच वळणावरून धुक्यात, एकटा, हजारदा गेलो असेन. एकानंही मले कधी हाक मारली नाही. म्हणून भूत-भानामतीचं कोणी सांगाले लागलं का मी उठून जातो. आजही जातो. पुढं जे लिहून राहिलो ते भुताचं आहे असं माझं म्हणणं नाही. कशाचं आहे ते मले माहीत नाही... एवढंच.

शाळा चौथीपर्यंत. चुकलं असेल तिथं छापणाऱ्यानं दुरुस्त करावं, पण बोलणं माझंच राहू द्यावं.

घर बडनेऱ्यात, नव्या वस्तीत. दोन खोल्या, पुढं लिंबाचं झाड. आता मी एकटा. आमची बुढी, म्हणजे माझी बायको, गेल्या भादव्यात गेली. सुमन तिचं नाव, पण बेचाळीस वर्षांत मी ते नाव दहादा घेतलं असेन तर लय झालं. एकच लेक, वैशाली. ती अकोल्याले जठारपेठेत राहते आणि घरी बसूनच पुण्याच्या एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करते.

बुढीले फोनवर फोटो काढायचा नाद लागला होता. कशाचे फोटो? वाळत घातलेल्या मुगवड्यांचे. वांग्यातल्या अळीचे. तोंड उघडं टाकून झोपलेल्या माझे. दिवसाले पंधरा-वीस. फोन भरून जायचा मग चिडायची. म्हणून वैशालीनं तिचा जुना कॉम्प्युटर इथं आणून टीव्हीच्या टेबलाखाली ठेवला आणि त्यात स्वतःच्या हातानं एक प्रोग्राम करून टाकला. तिनं आईले सांगतलं, "तुले काईच करा लागत नाई. फोन घरात असला का हा कॉम्प्युटर वायफायवरून आपोआप त्याले शोधते, फोटो ओढून घेते, आन मले अकोल्याले पाठवते." बुढीनं त्या डब्यावर क्रोशाचा रुमाल विणून घातला. तिथून पुढं रोज संध्याकाळी अकोल्यावरून फोन यायचा — "आई, बाबाले दाढी कराले लाव. आन ते बनियन फेक."

एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं कामाची आहे. बुढी तो फोन घराबाहेर नेत नव्हती. मोझरीले गेली, बहिणीकडं वरुडले गेली, फोन घरीच. "घरची वस्तू घरी बरी," म्हणायची. पाटा-वरवंटा घेऊन कोणी गावाले जाते का... तसं तिचं.

आता दुसरी गोष्ट. ही आधीच सांगून टाकतो, नंतर हिंमत होणार नाही.

ती गेली त्या दिवशी दुपारी मी स्टेशनच्या बाहेर झाडाखाली होतो. आमी चार-पाच रिटायर लोक तिथं रोज पत्ते खेळतो. तिचा फोन आला. मी पाहिला, खिशात ठेवला. परत आला. परत ठेवला. मले वाटलं, सांबार आणाले सांगत असेल — आमच्याकडं कोथिंबिरीले सांबार म्हणतात. हातात पानं चांगली होती. बाजूचा म्हणालाही, "भाऊ, घे ना, वहिनी चिडून राहिली." मी म्हणलं, "चिडू दे." सात वेळा लावला तिनं. सातही वेळा मी पाहिला. मग बंद झाला तेव्हा बरं वाटलं... हो, बरं वाटलं हे खरं आहे.

साडेचारनंतर शेजारची रेखा — आमच्या भिंतीला भिंत लावून राहते, सुनेसारखी आहे — धावत आली. बुढी खाटेपाशी जमिनीवर बसलेली होती, पाठ खाटेला, फोन मांडीवर. गेलेली. कशानं गेली ते मी डॉक्टरले विचारलं नाही.

हे रेखाले माहीत नव्हतं, वैशालीले माहीत नव्हतं. माहीत होतं ते मले आणि त्या फोनले. फोनात सात वेळाची यादी होती. पुसून टाकली असती, पण त्याले बोटानं रेघ ओढायचं कुलूप होतं आणि ती रेघ मले येत नव्हती. वैशालीले येत होती. ती रडून रडून झोपली होती, उठली का पहिल्यांदा आईचा फोनच उघडणार... तिसऱ्या दिवशी राख सावडली. मडक्यावर लाल फडकं बांधायच्या आधी फोन बुढीच्या हातरुमालात गुंडाळला आणि अस्थीच्या खाली सारून दिला. बंद करता येत नव्हता, चालूच टाकला. कौंडण्यपूरले गेलो, वर्धा नदीत कमरेइतक्या पाण्यात मी स्वतः उतरलो आणि मडकं सोडलं. भरल्या नदीत दगडासारखं गेलं ते. मनाले सांगत होतो का तिले आवडत होता म्हणून तिच्यासोबत दिला. खोटं. शरमेनं दिला.

वैशालीनं विचारलं तर म्हणलं, गर्दीत कुठं गेला कोण जाणे. तिनं घर उलटं केलं. त्या नंबरवर कितीकदा लावला — स्विच ऑफ.

तेराव्यानंतर सगळे पांगले. घर रिकामं झालं तेव्हा मले तो आवाज आला.

टेबलाखालचा कॉम्प्युटर. त्याच्या आत पंखा असते, तो घोंगावून राहिला होता. बुढी होती तेव्हा त्याचा आवाज असा कधी आला नव्हता, मांजर झोपते तसा पडून राहायचा. आता सकाळी उठलो का घोंग, जेवाले बसलो का घोंग. हात लावला तर डबा तव्यासारखा. क्रोशाचा रुमाल काढून ठेवला. बटन दाबून बंद करून टाकावा असं दोनदा मनात आलं. पण त्याच्यात बुढीचे फोटो होते, बंद केला आणि परत नाही उठला तर? राहू दिला.

मग एका दुपारी चहा ठेवत होतो आणि आवाज एकदम थांबला.

मले वाटलं, लाईन गेली. वर पाहिलं तर बल्ब चालू. डब्यावरचा हिरवा दिवाही चालू. चहा उकळला, गाळला, बसलो, अर्धा कप झाला... आणि पंखा परत घोंगावाले लागला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. माझा कान हातोड्यानं तयार झालेला कान आहे. चावी घट्ट असली का हातोडा टण्ण वाजते, ढिली असली का थप्प. आवाज कुठं बदलला ते मले सांगा लागत नाही. घड्याळ पाहाले लागलो. चारच्या ठोक्याले थांबायचा. चार वाजून नऊ मिनिटांनी सुरू. एक दिवस चुकला नाही.

कोणाले सांगतलं नाही. खरं सांगायचं तर त्या नऊ मिनिटांची वाट पाहाले लागलो होतो.

दिवाळीच्या आधी वैशालीचा फोन आला. बोलता बोलता म्हणे, "बाबा, मिक्सर चालू हाय का?"

"मिक्सर कायचा? तुहा कॉम्प्युटर बोंबलून राहिला."

"कवापासून?"

"महिन्याच्या वर झालं."

"महिना! आन मले आता सांगता? बाबा, तुमी पन ना... जळला असता तं?"

तिनं अकोल्यावरून त्याच्यात शिराले पाहिलं, पण तो कॉम्प्युटर इतका गुंतला होता का तिले आतच घेईना. शनिवारी सकाळच्या गाडीनं आली. हातात लॅपटॉप, डब्यात शेवभाजी. आईच्या फोटोपुढं उभी राहिली, मग सरळ जमिनीवर मांडी घालून कॉम्प्युटरपुढं बसली. मी खाटेवर.

टीव्हीलेच त्याचा पडदा करून तिनं एक यादी उघडली. कोणता प्रोग्राम कॉम्प्युटरचं किती डोकं खाऊन राहिला ते त्याच्यात दिसते. सगळ्यात वर एक ओळ, नव्याण्णव टक्के. बाकीच्यांना मिळून एक.

वैशाली हसली. "घ्या! मी त्या डब्याले शिव्या देऊन राहिली होती, आन चोर माहाच निघाला. मी आईसाठी बनवला ना, तोच."

"तो चालू आहे? मले तं काई दिसत नाई."

"तो दिसत नाई, बाबा. तो मांगं चालते. कोनाले न सांगता, न दिसता, दिवसभर. नेटवर्कवर फेरी मारते, फोन हाय का नाई पाहाते."

"कीमन आहे म्हन ना मंग."

ती माझ्याकडं पाहात राहिली. "हो," म्हणे. "अगदी कीमनच. फक्त हा कीमन चालून नाई राहिला, पळून राहिला."

प्रोग्राम काय काय करते ते तो एका वहीत लिहून ठेवते म्हणे. तिनं ती वही उघडली. मी खाटेवरून उतरून तिच्या मागं उभा राहिलो. चष्मा लावला. पडद्यावर ओळी वर सरकून राहिल्या होत्या, इतक्या जोरात का मालगाडीचे डबे मोजता येत नाहीत तशा. तिनं एका जागी थांबवल्या तेव्हा वाचता आल्या. सगळ्या एकच.

आई सापडत नाही. परत पाहतो.
आई सापडत नाही. परत पाहतो.
आई सापडत नाही. परत पाहतो.

"मीच लिहिल्या होत्या ह्या ओळी," वैशाली म्हणे. "गंमत म्हणून. इंग्रजीत लिहाच्या तं मराठीत लिहिल्या." पदरानं पुसावं तसं तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "एका सेकंदात हजारदा विचारून राहिला, बाबा. फोन नाई सापडला तं दम घे, मिनिटभर थांब, मंग परत पाहाय — एवढं लिहा लागते. लहान पोट्ट्यालेबी समजते. मी लिहिलंच नाई."

"काहून?"

"आईचा फोन कधी घराबाहेर जातच नव्हता ना... नाई सापडला तं काय, हे माह्या मनातच नाई आलं."

मी पाणी आणून दिलं.

तेवढं ऐकून मले वाटलं, चला, झालं. फोन नदीत, हा बिचारा शोधून राहिला, म्हणून घोंगावते. कारण सापडलं. दुरुस्त करेल आणि जाईल. पण पोरगी माझी आहे, दोष सापडला का पुढचा मागचा रूळ पाहिल्याशिवाय उठत नाही. वही मागं मागं चाळाले लागली आणि एकदम ओरडली.

"बाबा! हे पाहा!"

हजारो ओळींच्या मधात एक ओळ वेगळी होती. *आई सापडली.* पुढं वेळ — चार वाजून शून्य मिनिटं. त्याच्याखाली नऊ मिनिटं काहीच नाही, रिकामं. मग चार वाजून नऊ — *आई रेंजच्या बाहेर.* आणि परत ते हजारो.

आदल्या दिवशीचं पाहिलं. तसंच. त्याच्या आदल्या दिवशीचं. तसंच. कौंडण्यपूरच्या दिवसापासून एकही दिवस सुटला नव्हता.

"फोन सापडला का हा निवांत बसते," तिनं सांगतलं. "म्हणून पंखा थांबते. बाबा, फोन घरात हाय! कोनीतरी रोज चार वाजता चालू करते."

मी खिशावर हात ठेवला. माझ्या खिशात माझा साधा बटनाचा फोन होता. त्याच्यात न घेतलेल्या सात फोनची यादी मी पुसली नव्हती, रोज पाहायचो. पहिला चार वाजता. सातवा चार वाजून नऊ मिनिटांनी.

तिनं दुसरे रस्तेही पाहिले, उगीच नाही. वायफायच्या डब्याची वही वेगळी असते, तिच्यातही तेच. प्रत्येक फोनचा एक स्वतःचा आकडा असते म्हणे, इंजिनावर नंबर असते तसा. तो जुळला. "दुसऱ्या फोनले हे सोंग घेता येते," म्हणे, "पन कोन कायले घेईन?"

चार वाजाले वीस मिनिटं होती. आमी बसलो. ती जमिनीवर, मी खाटेवर. पंखा घोंगावून राहिला. बाहेर रेखा धुणं आपटत होती. शेवभाजी तशीच डब्यात.

चार वाजले. पंखा खाली खाली येत थांबला.

*आई सापडली.*

वैशालीनं तोंडावर हात ठेवला. मग दुसरा हात बटनांवर चालवाले लागली. फोनकडून नवा फोटो नाही, काही नाही. नुसता जोडलेला. तिनं मले एक आकडा दाखवला. "ही सिग्नलची ताकद. इतकी हाय म्हंजे फोन याच खोलीत हाय, बाबा. पाच-सहा फुटात." आणि उठून शोधाले लागली. गादी उलटी केली, तांदळाची कोठी उपसली, देवाचं फडताळ. खाटेखाली हात घातला, जिथं बुढी टेकून बसली होती तिथं. "आई," म्हणून राहिली होती तोंडातल्या तोंडात. मी हाललो नाही. मले माहीत होतं ना काही सापडणार नाही.

चार-नऊले पंखा परत सुरू झाला.

वैशाली उभी राहिली, हाताले धूळ. तिचं तोंड बदललं होतं. "रेखावहिनी," म्हणे. "त्या दिवशी घरात पहिले तीच आली होती. फोन आईच्या मांडीवर होता, तिनंच सांगतलं मले. भिंतीच्या पलीकडं राहते. रोज चारले ती घरीच असते."

"उगी बोलू नको."

"मंग कोन? तुमाले भाकर आनून देते म्हणून काय झालं? आईचे फोटो हायेत त्याच्यात. आवाज हाय आईचा. मी आत्ता जाऊन विचारते. सगळ्या गल्लीपुढं विचारते."

चपला घातल्या तिनं. बाहेरून रेखाचा आवाज आला, "वैशूताई, चहा टाकू का?"

मी म्हणलं, "बस. फोन नदीत आहे."

तिले समजलं नाही. मी परत सांगतलं. मडकं, हातरुमाल, कौंडण्यपूर. ती म्हणे, "काहून, बाबा? काहून टाकला?" आवडत होता म्हणून, असं म्हणायचं होतं मले. तोंडाशी आलंही होतं. पण बाहेर रेखा उभी होती, चहाचं विचारून राहिली होती. मी खिशातून माझा फोन काढला, यादी उघडली आणि लेकीच्या हातात दिला.

तिनं पहिले यादी पाहिली. मग पडद्यावरची वही पाहिली. मग परत यादी.

"तुमी कुठं होते?"

"पत्ते खेळत होतो."

"आयकू नाई आला?"

"आला. सातही वेळा."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. बाहेर जाऊन रेखाले म्हणे, "नको वहिनी, गाडीचं टायम झालं." आत आली, खाली बसली आणि प्रोग्राम दुरुस्त केला. दहा मिनिटं लागली असतील. थांबा लिहिला — नाही सापडला का मिनिटभर थांब, मग पाहाय. पंखा हळूहळू शांत झाला. तिनं रुमाल उचलून डब्यावर घातला, चारही कोपरे नीट केले, लॅपटॉप पिशवीत टाकला. दाराशी जाऊन म्हणे, "शेवभाजी खाऊन घ्या, खराब होईन." बाकी काही नाही. स्टेशनवर सोडाले येतो म्हणलं तर मान हालवली.

दुसऱ्या दिवसापासून घर असं शांत झालं का भिंतीवरची पाल बोलली तरी दचकायचो. पडदा कसा चालू करायचा आणि वही कुठं आहे ते मी पाहून ठेवलं होतं. चारले जाऊन बसलो. *आई सापडत नाही.* एक मिनिटानं परत तीच ओळ. सावकाश, शहाण्यासारखी. चार-नऊपर्यंत दहा वेळा. मग पाच वाजेपर्यंत बसून राहिलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी नाही. आठवडा झाला, नाही. पंधरा दिवस झाले, नाही. वैशालीचा फोन दोनदा आला, गोळ्या घेतल्या का म्हणून, आणि ठेवला.

सोळाव्या दिवशी मी लावला.

"वैशू, तो दोष परत टाक."

"कोनता दोष?"

"थांबा काढून टाक. पहिले होता तसा कर."

"बाबा, दोष कोनी परत टाकते का?"

"चौतीस वर्षं काढले मी दोष. एक परत टाक म्हनून राहिलो."

"त्यानं काई होत नाई. जोरात विचारलं म्हणून उत्तर येते, असं नसते नेटवर्कमदी. कॉम्प्युटर जळून जाईन सहा महिन्यात."

"जळू दे. तो हजारदा विचारत होता तवा ते नऊ मिनिटं येत होते. मिनिटातून एकदा विचारून कोन ओ देते? मी तं सातदा विचारल्यावरबी नाई दिली."

तिकडून बटनांचा टकटक आवाज आला. आता कॉम्प्युटर शांत होता ना, तिले अकोल्यावरून आत शिरता येत होतं. फोन कानाले धरून मी खाटेवर बसलो होतो आणि टेबलाखालचा पंखा हळूहळू चढाले लागला.

या गोष्टीले आता दोन महिने झाले. पंखा घोंगावून राहिला, हे लिहितानाही. पण चारले थांबत नाही. एकही दिवस थांबला नाही.

वैशालीनं नंतर तो सगळा प्रोग्राम ओळ न ओळ तपासला, जुन्या वह्या उतरवून घेतल्या, कंपनीतल्या दोघांना दाखवल्या. त्यांनी म्हणलं, घड्याळाची गडबड असेल, कुठला जुना निरोप अडकून राहिला असेल. मग तो रोज त्याच वेळेले काहून यावा, ते त्यांना सांगता आलं नाही. ती म्हणते, प्रोग्राम तोच आहे, डबा तोच, वायफाय तेच, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. लोक विचारतील, ते काहून येत होतं. मी दुसरंच विचारून राहिलो — ते काहून थांबलं? त्या शनिवारी दोन गोष्टी झाल्या. लेकीनं प्रोग्राम दुरुस्त केला आणि मी तिले खरं सांगतलं. कोणत्या गोष्टीनं थांबलं ते मले समजत नाही. प्रोग्रामनं थांबलं असेल तर दोष परत टाकून यायले पाहिजे होतं. खरं सांगतल्यानं थांबलं असेल, तर बुढीचं काम झालं म्हणून थांबलं का ती कायमची चिडली म्हणून... हे कोणाले विचारू? कोणाले ठाऊक असेल तर लिहा. नुसतं समाधान करायले लिहू नका.

एक गोष्ट मात्र सुरू झाली. रोज चार वाजता माझा फोन वाजते. वैशाली. मी तिथंच बसलेला असतो, पहिल्या घंटीले उचलतो. ती काही बोलत नाही, मीही नाही. पंख्याचा आवाज तिले तिकडं जठारपेठेत ऐकू जाते. नऊ मिनिटं झाली का विचारते —

"थांबला का, बाबा?"

"नाई."

"बरं. उद्या लावते."